कालव्यावरची बोट घेण्याआधी: सर्वेअरच्या मागोमाग कसं फिरावं

"ताई, बोट आवडलीय. शनिवारी पैसे देतोय, तेवढ्यात एक नजर टाकता का?" असा फोन आला की मी आधी एकच विचारते: बोट पाण्यात आहे की वर? पाण्यात असेल तर माझ्या येण्याचा निम्मा उपयोग तिथेच संपला. तुमचे पैसे जिथे बुडायचे तो भाग पाण्याखाली आहे, आणि मी बुडी मारत नाही.

घरभाड्याला वैतागून कालव्यावर राहायला जायचं म्हणणारी आपली मुलं मला लंडन, बर्मिंगहॅम, लेस्टरकडून फोन करतात. निवृत्त झालेल्या एखाद्या जोडप्याला नॉरफकच्या ब्रॉड्सवर, म्हणजे तिथल्या नद्या-तळ्यांच्या जाळ्यात, जुनी लाकडी क्रूझर घ्यायची असते. मी मूळची अलिबागकडची. मुंबईच्या गोदीत जहाजांच्या पत्र्यांची जाडी मोजायचं काम शिकले, आणि आता इंग्लंडच्या मध्यभागी, ब्राउनस्टनजवळ, जिथे ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड हे दोन कालवे भेटतात तिथे राहून बोटींचे सर्वे, म्हणजे तपासण्या, करते. ही मंडळी सर्वे म्हणजे एक कागद समजतात. कागद मी देतेच, पण त्या दिवशी माझ्या मागोमाग फिरलात तर कागदापेक्षा जास्त हाती लागेल. कसं फिरायचं आणि काय बघायचं, ते खाली लिहिते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. गोड्या पाण्यातली बोट बाहेरच्या पाण्याने जितकी खराब होते, तितकीच, आणि पुष्कळदा जास्त, आत साचलेल्या पाण्याने होते. गळकी खिडकी, फुटकी टाकी, भिंतीमागे ओघळणारी वाफ. घेणारा बाहेरचा रंग बघत उभा असतो, तेव्हा मी सगळ्यात मागचा गालिचा उचलून पाहते.

आधी काय ठरवायचं

ब्रिटनमध्ये मरीन सर्वेअर ही पाटी लावायला कायद्याने कोणती परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणून तुम्हीच विचारा: वायडीएसए किंवा आयआयएमएस अशा व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व आहे का, आणि प्रोफेशनल इंडेम्निटी विमा, म्हणजे सर्वेअरची चूक झाली तर भरपाई देणारा, आहे का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना जो आडवळणं घेतो त्याला सोडा. तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा: ज्या प्रकारची बोट घेताय त्या प्रकारच्या बोटी हा माणूस नेहमी बघतो का? समुद्रातल्या यॉटचा उत्तम जाणकार कालव्यावरच्या लांब, अरुंद पोलादी नॅरोबोटीच्या बाबतीत कच्चा असू शकतो, आणि उलटही. विकणाऱ्याने सुचवलेला सर्वेअर घेऊ नका. तो वाईटच असेल असं नाही, पण त्या दिवशी तो कोणासाठी काम करतोय याबद्दल कोणाच्या मनात किंतू नसावा.

सर्वेचे प्रकार निरनिराळे. फक्त हलचा सर्वे, म्हणजे बोटीच्या कवचाचा. विमा कंपनी जुन्या बोटीसाठी बहुधा एवढाच मागते. विकत घेण्याआधीचा पूर्ण सर्वे, ज्यात आतलं सामान, वायरिंग, गॅस, इंजिनाची बाहेरून तपासणी सगळं येतं. पहिल्यांदा घेत असाल तर पूर्णच करा. इंजिन उघडून बघणं यात नसतं. त्यासाठी वेगळा मेकॅनिक लागतो.

आणि "बोट सेफ्टीचं सर्टिफिकेट आहे ना, मग सर्वे कशाला?" हे वाक्य मला आता पाठ झालंय. बोट सेफ्टी स्कीमची तपासणी चार वर्षांनी होते आणि ती आग, स्फोट, विषारी वायू अशा धोक्यांसाठी असते. बोटीचा तळ केवढा जाड उरलाय याच्याशी त्या तपासणीचा संबंध नाही. सर्टिफिकेट चोख आणि तळाला चाळण, असं होऊ शकतं.

बोट वर काढायचा खर्च घेणारा करतो, म्हणजे तुम्ही. क्रेन, उतार किंवा कोरडी गोदी, काहीही चालेल. सौदा लेखी करा आणि त्यात "सर्वे समाधानकारक असल्यास" ही अट घाला. बोट वर आली की दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या, पण डांबर, म्हणजे ब्लॅकिंग, मात्र कोणाला लावू देऊ नका. विकणारा "तुमच्यासाठी ताजं ब्लॅकिंग करून ठेवलंय" म्हणाला तर खुश होण्याचं कारण नाही. मला ते आधी खरवडावं लागतं, आणि ऐन विक्रीच्या तोंडावर ते का लावलं हा प्रश्न उरतोच.

पाण्यात असतानाच बघायच्या गोष्टी

वर काढण्याआधी काठावरून बोट बघा. एका बाजूला कलली आहे का? नॅरोबोट जराशी मागे बसलेली असते, ते ठीक. पण पुढची पाण्याची टाकी आणि डिझेलची टाकी किती भरलीय ते विचारून मग मत बनवा. बोटीचं सगळ्यात खालचं भोक पाण्यापासून किती वर आहे ते टेपने मोजा: सिंकचा पाइप, इंजिनखोलीची जाळी, मागच्या डेकचा निचरा. कालव्यावर मला तिथे किमान 25 सेंटिमीटर अंतर लागतं. त्याहून कमी असेल तर मी अहवालात ठळक लिहिते, कारण लॉकमध्ये, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदात, बोट जराशी अडकून तिरकी झाली तरी त्या भोकातून पाणी आत येतं.

लांबी-रुंदीही इथेच बघून घ्या. अरुंद लॉक सुमारे सात फुटांचे, म्हणून नॅरोबोट 6 फूट 10 इंच रुंद असते. लांबी 57 फुटांपर्यंत असेल तर जवळजवळ सगळीकडे जाता येतं. उत्तरेकडचे काही लॉक त्याहून लांब बोट घेत नाहीत. 70 फुटी बोट स्वस्त मिळाली म्हणून घेणाऱ्याला हे नंतर कळतं.

पोलादी तळ

विक्रीच्या जाहिरातीत "10/6/4" असं लिहिलेलं असतं. तळाचा पत्रा 10 मिमी, बाजू 6 मिमी, केबिन 4 मिमी. आजच्या बहुतेक नॅरोबोटी अशा असतात. जुन्यांत तळ 6 मिमीचाच असू शकतो आणि बाजू 5 किंवा 4. मूळ जाडी कळल्याशिवाय आजच्या आकड्याला अर्थ नाही, म्हणून बांधणाऱ्याचं नाव आणि वर्ष आधी शोधा. 16 जून 1998 नंतर बाजारात आलेल्या बोटीला युरोपीय नियमांप्रमाणे सीई खूण आणि 14 अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक असायला हवा. त्या क्रमांकातले शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. कागदावर 2004 आणि पत्र्यावर 02 असेल तर विकणाऱ्याला शांतपणे विचारा.

मी आधी हातोडी घेते, जाडी मोजायचं गेज नंतर. माठ घेताना टिचकी मारून बघतो तसं संपूर्ण कवच ठोकत जायचं. जाड, निरोगी पत्रा खणखणतो. पातळ झालेला किंवा पापुद्रे धरलेला पत्रा बदबद वाजतो, आणि कधी हातोडीचं टोक रुततंही. रुतलं तर विकणाऱ्याचा चेहरा बघू नका, फोटो काढा.

मग अल्ट्रासोनिक गेज. पत्र्यावर जेल लावून टोक टेकवायचं. आवाजाची लहर पलीकडच्या बाजूवर आपटून परत येते, तिला लागलेल्या वेळावरून जाडी कळते. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे 5,900 मीटर धावतो. काम सुरू करण्याआधी सर्वेअर माहीत असलेल्या जाडीच्या ठोकळ्यावर गेज तपासून घेतो का, हे बघा. नसेल तर त्याला आठवण करा, रागावला तरी चालेल. आकडे कुठून घेतो तेही बघा: पाण्याची रेघ, बाजूचा मध्य, आणि बाजू व तळ जिथे जुळतात ती कड. ही कड कालव्याच्या तळाला आणि काठाच्या दगडांना घासून झिजते. पाण्याच्या रेघेवर हवा आणि पाणी आळीपाळीने लागतात, म्हणून तिथे गंज सगळ्यात आधी धरतो.

आता जिथे लोक फसतात ते. गेज जो आकडा दाखवतं तो दोन खड्ड्यांच्या मधल्या सपाट जागेचा असतो. गंज पोलाद सारखं खात नाही, खड्डे पाडत खातो. समजा बाजू मूळ 6 मिमी, गेज 5.7 दाखवतं, विकणारा म्हणणार, बघा, तीस वर्षांत काहीच गेलं नाही. पण शेजारी खड्डा आहे, आणि खोली मोजायच्या गेजने तो 1.9 मिमी निघतो. तिथे उरले 3.8. बहुतेक विमा कंपन्या 4 मिमीची रेघ ओढतात. म्हणजे 5.7 च्या बोटीला विमा मिळणार नाही. एखाद-दुसरा खड्डा वेल्डिंगने भरता येतो आणि ते काम किरकोळ. सगळ्या बाजूवर पुरळ उठावं तसे खड्डे असतील तर वेगळी गोष्ट.

खड्डा नीट बघा. वर नारिंगी फुगवटा, खाली काळा चिकट लगदा, तो पुसला की चकचकीत रुपेरी पोलाद आणि सडक्या अंड्याचा वास: हा साधा गंज नव्हे, हे जिवाणूंचं काम. हे जिवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागी, डांबराखाली, चिखलात वाढतात आणि पत्रा फार वेगाने खातात. यावर नुसतं नवं डांबर फासलं तर ते झाकले जातात, मरत नाहीत. पत्रा उघडा करून, गोड्या पाण्याने सपाटून धुऊन, पूर्ण साफ करूनच पुन्हा रंग द्यावा लागतो.

खूप पातळ झालेल्या बोटीवर दुसरा पत्रा चढवतात. हे काम वाईट नाही, पण हिशोब विचारा. पोलादाचा एक चौरस मीटर पत्रा दर मिलिमीटर जाडीला 7.85 किलो भरतो. 57 फुटी बोटीचा तळ साधारण 34 चौरस मीटर. 6 मिमी पत्रा चढवला की 1,600 किलो वाढले आणि बोट जवळजवळ 5 सेंटिमीटर खाली बसली. मघाशी टेपने मोजलेलं ते 25 सेंटिमीटर आठवा. आत ठेवलेल्या फरशा आणि विटांचं वजन तेवढंच काढलं का? आणि कडेने संपूर्ण, सलग वेल्ड आहे का? मध्ये फट राहिली तर दोन पत्र्यांत पाणी शिरून बसतं आणि मग ते कोणालाच दिसत नाही.

अ‍ॅनोडबद्दल थोडक्यात. पोलादाऐवजी स्वतः झिजणारे हे धातूचे ठोकळे गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे हवेत. जस्ताचे खाऱ्या पाण्यासाठी. अर्धे झिजलेले अ‍ॅनोड म्हणजे काम चालू आहे. पाच वर्षं होऊनही कोरे करकरीत दिसत असतील तर ते रंगवले गेलेत किंवा त्यांचा पत्र्याशी संपर्कच नाही. आणि मरीनात विजेची तार जोडून राहणार असाल तर बोटीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे ही झीज रोखणारं उपकरण, आहे का, हे वाचायचं नाही, बघायचं. त्या तारेच्या अर्थिंगमधून तुमची बोट शेजारच्या सगळ्या बोटींशी जोडली जाते, आणि त्यांच्याऐवजी तुमचं पोलाद झिजू लागतं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल तर उत्तमच, महाग आहे इतकंच.

आतलं पाणी

आता गालिचा. नॅरोबोट मागे बसते, म्हणून केबिनमध्ये कुठेही पाणी शिरलं तरी ते फरशीखालून वाहत केबिनच्या मागच्या टोकाला येतं. मागच्या पायरीखाली बघायची एक लहान खिडकी असते. नसेल तर मालकाची परवानगी घेऊन फळी उचला. परवानगी मिळाली नाही तर ते अहवालात लिहायचं आणि तुम्ही त्याची किंमत मनात धरायची.

हात घाला. कोरडं असेल तर फारच छान. ओलं असेल तर पाणी कुठलं ते शोधा. साबणाचा वास आला तर शॉवरचा सांप, म्हणजे पाणी जमा होणारा डबा, गळतोय. स्वच्छ पाणी असेल तर पिण्याच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून दुसऱ्या दिवशी बघा. पावसानंतरच येत असेल तर खिडक्या आणि छतावरचे मशरूम व्हेंट, म्हणजे हवेचे झरोके. काहीच जुळत नसेल तर वाफ. आतून दोन्ही बाजूंना थर्मोकोलसारख्या पॉलिस्टायरिनचे तुकडे बसवलेले असतील तर त्यांच्या फटींतून वाफ पत्र्यापर्यंत जाते, थंड पत्र्यावर पाणी होते आणि खाली ओघळते. शिवाय पीव्हीसीच्या वायरी त्याला टेकल्या की वायरीचं वेष्टण कडक होऊन तडकतं. फवारलेला फोम असेल तर ही दोन्ही दुखणी नसतात.

आपल्या स्वयंपाकाचा इथे संबंध आहे, म्हणून सांगते. कुकरच्या शिट्ट्या, उकडीचे मोदक, सकाळचा चहा, ओले टॉवेल, सगळी वाफ त्या सात फुटी नळीत राहते. थंडी वाजते म्हणून व्हेंटमध्ये फडकी कोंबणारे आपले लोक मी पाहिलेत. व्हेंट बंद केला की पत्रा आतून गंजतो, आणि शेगडीचा कार्बन मोनॉक्साइडही आत राहतो. त्या वायूचा अलार्म बोट सेफ्टी स्कीमने एप्रिल 2019 पासून सक्तीचा केलाय. अलार्म बसवलाय एवढ्यावर थांबू नका, बटण दाबून वाजवा आणि त्याची मुदत संपली आहे का ते मागे वाचा. घन इंधनाची शेगडी असेल तर धुराड्याच्या छताजवळच्या कॉलरवर हाताचं बोट फिरवा. तडे तिथेच पडतात.

पुढे नाकाशी पिण्याच्या पाण्याची टाकी बहुधा बोटीच्या कवचालाच वेल्ड केलेली असते. म्हणजे टाकीची बाहेरची भिंत हीच बोटीची भिंत. झाकण उघडून टॉर्च मारा. तिथला गंज बाहेरून गेजशिवाय कळणार नाही. तिच्या शेजारी गॅसच्या सिलिंडरचा कप्पा. तिथला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली बसतो, म्हणून कप्प्याच्या तळाशी बाहेर जाणारं भोक असतं. टाकी पूर्ण भरून घ्या आणि मग बाहेरून बघा, ते भोक पाण्याखाली गेलं का? रिकाम्या टाकीच्या दिवशी पास झालेली बोट भरल्या टाकीच्या दिवशी धोकादायक असू शकते.

मागच्या टोकाला वीड हॅच, बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात अडकलेल्या पिशव्या आणि दोऱ्या काढायचं दार. त्याचं झाकण नीट दाबून बसतं का, रबर मऊ आहे का, पट्टीचा स्क्रू पूर्ण फिरतो का? झाकण नीट न लावता इंजिन सुरू केलं की पंखा पाणी सरळ इंजिनखोलीत फेकतो. नॅरोबोटी बुडण्याचं हे जुनं आणि टाळता येण्यासारखं कारण आहे. बोट वर असतानाच पंख्याचा दांडा हाताने वर-खाली हलवा, सुकाणूच्या खालच्या बेअरिंगचं खेळणं बघा. दोन मिनिटांचं काम.

रिव्हेटच्या जुन्या बोटी

कधीकधी कोणी 1930 च्या दशकातली मालवाहू नॅरोबोट घेऊन येतो. ग्रँड युनियन कंपनीसाठी वुलिचला हारलँड अँड वुल्फने किंवा नॉर्थविचला यारवुड्सने बांधलेल्या, रिव्हेट मारलेल्या. त्याहून जुन्या फेलोज, मॉर्टन अँड क्लेटनच्या बोटींत बाजू घडीव लोखंडाच्या आणि तळ एल्म लाकडाचा. या बोटी बघताना माझा सूर बदलतो, हे मान्य. पण भावनेपोटी पैसे देऊ नका.

घडीव लोखंड पोलादापेक्षा गंजाला चांगलं टिकतं, पण त्याच्यात धातुमळाचे लांबट धागे असतात. गेजची लहर त्या धाग्यावर आपटूनच परत येते आणि 6 मिमीचा पत्रा 3 दाखवतो. फक्त गेजवर विसंबणारा सर्वेअर इथे चांगल्या बोटीला नापास करून टाकतो. हातोडी, डोळे आणि गरज पडली तर एक भोक पाडून प्रत्यक्ष मोजणं, हाच उपाय. रिव्हेटची डोकी हाताने चाचपा. झिजून सपाट झालेली ओळ म्हणजे कामाची मोठी यादी. एल्मचा तळ सतत ओला असेल तर फार वर्षं टिकतो. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं झालं की कुजतो. म्हणून अशी बोट कोरड्या गोदीत महिनोन्महिने उभी करून ठेवू नका.

ब्रॉड्सवरच्या लाकडी क्रूझर

नॉरफक आणि सफकच्या हद्दीतलं ब्रॉड्स हे नद्या आणि उथळ तळ्यांचं जाळं, सुमारे 200 किलोमीटर जलमार्गांचं. ही तळी नैसर्गिक आहेत असंच सगळे समजत होते. 1950 च्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी तळाचे नमुने काढून दाखवलं की हे मध्ययुगात पीट खणून पडलेले खड्डे आहेत, पाणी भरलेले. पाणी उथळ, पूल बुटके. पॉटर हायमचा मध्ययुगीन पूल तर इतका ठेंगणा की बऱ्याच क्रूझरना त्याखालून जाताच येत नाही. म्हणून तिथल्या बोटी कमी पाण्यात तरंगणाऱ्या, बसक्या आणि दुमडत्या किंवा सरकत्या छपराच्या. पॉटर हायमलाच हर्बर्ट वुड्सच्या यार्डाने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सुरेख लाकडी क्रूझर बांधल्या. महॉगनीच्या फळ्या, ओकच्या फासळ्या.

आता ते दुमडतं छप्पर डोळ्यांसमोर आणा. जिथे जिथे काही सरकतं, उघडतं, बिजागरीवर फिरतं, तिथे पाऊस आत येतो. कोकणात आमच्याकडे लाकडी होडीचा वैरी खाऱ्या पाण्यातला किडा. तो बाहेरून फळी पोखरतो, म्हणून तळाला चुना-चरबी, वर माशाचं तेल, आणि पावसाळ्यात होडी वाळूवर. मीठ कुजण्याला आळा घालतं. ब्रॉड्सवर हे उलटं आहे: किडा नाही, पण मीठही नाही. तळाकडून फारसं काही होत नाही आणि वरून पडलेलं पावसाचं पाणी फळीच्या टोकात मुरून बसतं. मी लाकडी क्रूझर वरून खाली तपासत येते, खालून वर नाही.

क्रम असा ठेवा. डेक आणि बाजू जुळतात ती वरची फळी. केबिनची भिंत डेकला भेटते तो सांधा. खिडक्यांचे खालचे कोपरे. मागच्या आडव्या फळीचे कोपरे. पुढे नाकाच्या खांबात फळ्यांची टोकं बसतात ती खाच. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी: हातोडीची मूठ, आर्द्रतेचा मीटर, नाक. लाकडात 20 टक्क्यांच्या वर ओल सतत राहिली की बुरशी धरते. पण मीटर तांब्याच्या खिळ्याजवळ किंवा धातूच्या रंगावर खोटं बोलतो, म्हणून नाक. बंद कप्प्याचं दार उघडल्यावर अळंबीचा वास आला तर मीटर काहीही म्हणो, शोधत राहा. टोकदार आरी टोचून बघणं हा शेवटचा उपाय, आणि तो मालकाला विचारूनच. वार्निश केलेल्या महॉगनीत भोकं पाडत जाणारा सर्वेअर पुन्हा त्या यार्डात येऊ शकत नाही.

मग आत. फरशीखाली टॉर्च घेऊन प्रत्येक फासळी बघा. तळ जिथे वळतो तिथे वाकवलेल्या ओकच्या फासळ्या आडव्या चिरतात. एखादी चिरली तर ठीक. ओळीने चार चिरल्या असतील तर बोट कधीतरी आपटलीय किंवा चुकीच्या आधारावर ठेवली गेलीय. चिरलेल्या फासळीशेजारी नवी जोडून दुरुस्ती करतात. ती नीट केली असेल तर मला चालते. फासळ्यांखाली पाणी मागे वाहायला भोकं असतात. ती कचऱ्याने तुंबली असतील तर प्रत्येक कप्प्यात वेगळं डबकं, आणि तिथेच कूज. एक वायर आत घालून ती मोकळी आहेत का बघा.

शेवटी दूर उभं राहून कण्याच्या रेषेत एक डोळा मिटून बघा. मध्य वर आणि दोन्ही टोकं खाली झुकली असतील तर बोटीची पाठ वाकलीय. जुन्या बोटीत थोडी वाकलेली असतेच. दारं नीट लागत असतील आणि फळ्यांचे सांधे उघडले नसतील, तर मी नोंद करते आणि पुढे जाते. दोन-चार स्क्रू काढून बघायची परवानगी आधीच मागून ठेवा. पितळी स्क्रू गुलाबी झालेला निघाला तर त्यातलं जस्त गेलंय आणि तो हातात तुटेल.

वसंतात अशी बोट पाण्यात उतरवली की वाळलेल्या फळ्यांच्या फटींतून आधी पाणी येतंच. फळ्या फुगून फटी मिटायला वेळ लागतो. तोवर पंप चालू ठेवा आणि रात्री बोटीवर झोपा. घाबरून फटींत सिलिकॉन भरू नका. फुगायला जागा मिळाली नाही तर फळी फासळी मोडते.

फायबरग्लासच्या बोटी

यांच्याबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात कमी कारण असतं. ऑस्मॉसिस, म्हणजे जेलकोट या बाहेरच्या चकचकीत थरातून पाणी झिरपून आत आम्लसर द्रव तयार होतो आणि फोड येतात. गोड्या पाण्यात हे खाऱ्यापेक्षा जास्त होतं. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा वास. दिसायला भीतीदायक, पण यामुळे बोट क्वचितच बुडते. किंमत पाडायला मात्र चांगलं कारण. नुकत्याच वर काढलेल्या बोटीवर मीटर टेकवून "खूप ओली आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कवच वाळू द्यावं लागतं.

1960 च्या दशकातल्या हिंक्लीच्या फ्रीमन क्रूझर थेम्सवर अजून दिसतात, कारण कवच टिकतं. आतलं प्लायवूड मात्र खिडक्यांच्या गळतीने जातं. म्हणून इथेही तेच: डेकवर चाला, पायाखाली दबतं का बघा, खिडकीखालचं प्लायवूड नखाने खरवडा. मागे आउटड्राइव्ह, म्हणजे इंजिन आत आणि पंखा बाहेर अशी जोडणी, असेल तर त्याचे रबरी बेलो वाकवून तडे बघा. ते फाटले तर पाणी थेट आत.

अहवाल हातात आल्यावर

चांगल्या अहवालात शिफारशी तीन गटांत असतात: बोट पाण्यात उतरवण्याआधी करायच्या, लवकर करायच्या, आणि सवडीने. पहिल्या गटाची किंमत यार्डाकडून लेखी काढून घ्या आणि तेवढी रक्कम सौद्यातून कमी करा. तिसऱ्या गटावरून घासाघीस करू नका, विकणारा वैतागतो आणि तुमच्या खऱ्या मुद्द्याचं वजन जातं. "तपासता आलं नाही" अशी वाक्यं अधोरेखित करा. ती जास्त असतील तर फोन करून का ते विचारा. खरेदीच्या सर्वेत विकणाऱ्याने फरशी उचलू दिली नाही, पुढची टाकी उघडू दिली नाही, आणि बोट मात्र झटपट विकायची आहे, असं असेल तर मी सरळ सांगते: दुसरी बघा. बोटींना काही तोटा नाही.

विमा कंपनीला पहिल्या गटाची कामं झाल्याचं पत्र लागतं. ते यार्डाकडून लगेच घ्या, सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही. आणि जाडीच्या आकड्यांचा तक्ता, ज्यात कुठला आकडा कुठल्या जागेचा हे आकृतीवर दाखवलेलं असतं, तो बोटीतल्या कागदांत जपून ठेवा. पुढच्या वेळी बोट वर काढाल तेव्हा तोच सर्वेअरला द्या, म्हणजे गेज त्याच जागी लावता येतं आणि मधल्या वर्षांत पत्रा किती गेला ते साध्या वजाबाकीने निघतं.